पुसा, पण शोधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्याच पेठेतल्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. गंज पेठेतल्या बोळात कुणीतरी रात्रीतून भिंतीवर लिहून ठेवतं, पांढऱ्या आणि लाल अशा दोन रंगांत, म्हणजे एकाहून जास्त माणसं सामील असणार, तेव्हा सीसीटीव्ही बघून त्यांना शोधा आणि दंड करा, असा त्यांचा मुद्दा. भिंतीवर लिहिलंय काय, एवढं मात्र सांगायचं राहिलं. ते मी सांगतो. 'सगळ्यांवर माया करा. एवढंच.'

मी धंद्याने पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं रंगवणारा. फ्लेक्स येऊन धंदा बसला तोवर निम्म्या पेठांचे बोर्ड माझ्या हाताखालून गेले. त्यामुळे त्या भिंतीपाशी थांबलो तो आधी अक्षर बघायला. अक्षर वाईट आहे. सूत मारलेलं नाही, म्हणून ओळ उजवीकडे चढत गेलीय. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, आणि 'माया'पाशी येईपर्यंत पाण्याचा पाइप आडवा आला, तसा 'या' चेंगरून बसवलाय. चुन्याचा जाडा कुंचला, त्याचे ओघळ थेट खालच्या 'एवढंच'वर. माझ्या हाताखालच्या पोराने असं काम केलं असतं तर सगळं पुसायला लावलं असतं.

पण खाली नाव नाही. फोन नंबर नाही, कुणा दादांचा फोटो नाही, 'आदेशावरून' नाही. मी जन्मभर रंगवलं ते 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल', 'विक्रेत्यांस सक्त मनाई', 'बेल एकदाच वाजवावी'. अक्षरावर पैसे घ्यायचो, त्यामुळे माणसं तोलूनमापून रागवायची. 'माया' हा शब्द मी एकदाच रंगवला, एका लेडीज टेलरच्या बोर्डावर, आणि तेही त्याच्या बायकोचं नाव होतं.

घरी येऊन मी म्हणालो, 'प्रेम' का नाही लिहिलं? आमची मंडळी ब्लाउज शिवतात. मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "अहो, शिवणात माया ठेवतात ना, तीच असेल." आणि हातातलाच ब्लाउज उलटा करून दाखवला. टिपेच्या आत इंचभर जादा कापड दुमडलेलं होतं. बाहेरून दिसत नाही. पुढे अंग भरलं की टीप उसवायची आणि सैल करायचं. माया न ठेवता बेतलेलं कापड एकदा घट्ट झालं की बोहारणीलाच द्यावं लागतं. लिहिणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, देव जाणे. मी मात्र तेव्हापासून ती ओळ अशीच वाचतो.

पालख्या पुण्यातून हलल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी ही ओळ दिसली. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबांची नाना पेठेत. जवळच्या आमच्या बोळांतून दोन दिवस वारकऱ्यांची ये-जा असते. चहावाल्याचं म्हणणं, वारकरीच असणार; शिट्टी मारून हटकणाऱ्या पोलिसालाही 'माऊली' म्हणणारी ती माणसं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना रात्रपाळीच्या वॉचमनचा संशय आहे. असेना कुणीही. पत्रलेखकांना एकच आठवण देतो. फुलेवाडा याच पेठेत आहे. ज्यांना गावात पाणवठ्यावर कुणी उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी जोतीरावांनी 1868 मध्ये घरचा हौद खुला केला. तेव्हाच्या शेजाऱ्यांपैकी कित्येकांना तेही विद्रूपच वाटलं असणार.

कायदा मला ठाऊक आहे. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा, 1995 चा. आमच्या धंद्यात तो न शिकवता पाठ होतो. त्याप्रमाणे पुसायचं तर महापालिकेने खुशाल पुसावं. चुनाच तो, पावसाने निम्मा फिका झालाच आहे. माझं म्हणणं एवढंच की माणूस शोधू नका. सापडला की आधी त्याचं आडनाव बघतील, मग गाव, मग तो कुणाचा माणूस ते. केस तरी होईल नाहीतर सत्कार तरी, आणि सत्कार झाला तर चौकात त्याचा फ्लेक्स लागेल. ओळ कुणाच्याच लक्षात राहणार नाही.

राहिला लाल रंग. लिहिणाऱ्याने मुळात 'सगळ्यावर' लिहिलं होतं, अनुस्वार न देता. 'सगळ्यावर' म्हटलं की त्यात फ्लॅट आला, पार्किंगची जागा आली. त्यावर माया करायला पुणेकरांना सांगावं लागत नाही. दोन दिवस जाता-येता ते डोळ्यांत खुपलं. तिसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघालो तेव्हा पिशवीत चार नंबरचा ब्रश आणि लाल एनॅमलची जुनी डबी होती. ते टिंब माझं आहे. चुन्यासारखं ते पावसाने जायचं नाही. त्याचा दंड माझ्याकडून वसूल करावा.

आपला,
एक निवृत्त पेंटर,
गंज पेठ, पुणे