परिचर्येचे संशोधन प्रश्नावलीत अडकू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. आम्हाला गुलाबाचे फूल मिळते आणि आमच्या सेवाभावाचे कौतुक होते. त्या कौतुकाबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. परंतु ज्यांच्या नावाने हा दिवस पाळला जातो, त्यांनी रात्री दिवा घेऊन सैनिकांची विचारपूस केली तशीच दिवसा त्यांच्या मृत्यूंची मोजदादही केली, आणि तिच्याच जोरावर सरकारला लष्करी रुग्णालयांची स्वच्छता सुधारायला लावली. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. रुग्णाजवळ उभे राहून जे दिसते ते मोजणे, लिहिणे आणि त्यावरून कामाची रीत बदलणे हा परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे तो शिकवला जातो, त्यासाठी प्रबंध लिहून घेतले जातात, आणि तरीही वॉर्डातले काम त्यामुळे फारसे बदलत नाही. आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि नंतर पाठ्यनिर्देशिका, म्हणजे परिचर्येची शिक्षिका, म्हणून नोकरी करताना याचे जे कारण मला दिसले, ते या पत्रातून मांडते आहे.

एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करावा लागतो. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक प्रबंधांचा साचा एकच होता. पन्नास-साठ रुग्ण निवडायचे, त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास माहिती सांगायची, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची आणि गुण वाढले की शिकवणे परिणामकारक ठरले, असा निष्कर्ष लिहायचा. गुण तर वाढणारच, कारण आठवड्यापूर्वी सांगितलेले बहुतेकांना आठवते. घरी गेल्यावर तो रुग्ण प्रत्यक्षात काय करतो, हे मात्र त्या साच्यात कुठेच बसत नाही.

अशाच एका प्रबंधात मधुमेहाच्या एक आजी होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांना वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. दीड महिन्याने त्या पुन्हा दाखल झाल्या, तेव्हा रक्तातली साखर चारशेच्या वर गेली होती. इन्सुलिन एक दिवसही चुकवले नाही, रोज वीसच्या खुणेपर्यंत भरून घेते, असे त्या कळवळून सांगत होत्या आणि वॉर्डात कोणाचा त्यावर विश्वास बसत नव्हता. मी त्यांच्या नातवाला घरची सिरिंज घेऊन यायला सांगितले. तिची टोपी नारिंगी होती. आजींना रुग्णालयातून मिळालेली बाटली ४० युनिटची होती, म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट, आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यात वीसच्या खुणेपर्यंत औषध भरले की वीसऐवजी फक्त आठ युनिट शरीरात जातात. लाल टोपीच्या सिरिंज संपल्या होत्या आणि दुकानात जी मिळाली ती नातवाने आणली होती. आजी खरेच बोलत होत्या. चूक उलटी झाली असती, म्हणजे १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमधून घेतले गेले असते, तर डोस अडीचपट झाला असता आणि साखर एकदम उतरून जिवावर बेतले असते. शिवाय पोटावर रोज एकाच जागी सुई टोचल्यामुळे तिथे बोरापेक्षा मोठी गाठ झाली होती, आणि अशा गाठीत दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. प्रश्नावलीत स्वादुपिंडाचे कार्य विचारले होते. टोपीचा रंग किंवा टोचण्याची जागा यांवर एकही प्रश्न नव्हता. ती प्रश्नावली मीच तपासून मंजूर केली होती आणि त्याची खंत मला आजही आहे.

प्रश्नावलीच्या भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. प्रश्न मुळात इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांचा मराठीत शब्दशः अनुवाद होतो. ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ असे विचारले की आमच्या भागातील कितीतरी बायका ‘नाही’ म्हणतात, आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. पण त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात आणि मिश्री ही दात घासायची वस्तू असते. ‘शारीरिक व्यायाम किती करता?’ या प्रश्नाला दिवसभर वाकून खुरपणी करणारी बाई ‘काहीच नाही’ असे उत्तर देते आणि तिची नोंद बैठ्या लोकांत होते. अशा उत्तरांवर कितीही अचूक गणित केले तरी आरोग्याच्या सवयींबद्दल त्यातून खरे काही हाती लागत नाही.

योग्य प्रश्न घेतला की काय होऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडच्या डोरीन नॉर्टन या परिचारिकेचे आहे. वृद्धांच्या वॉर्डात सतत पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमांवर तिथे नाना प्रकारची मलमे आणि द्रव्ये चोळली जात. नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि १९६२ मध्ये दाखवून दिले की उपयोग होतो तो ठरावीक वेळाने कूस बदलून दाब हलका करण्याचा, चोळण्याच्या द्रव्यांचा नव्हे. आपल्याकडे मात्र स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणे अजूनही अनेक वॉर्डांत चालू आहे, आणि लाल झालेली जागा चोळल्याने इजा वाढते हे ते चोळणाऱ्या मुलींना कोणी सांगितलेले नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांची २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, शुश्रूषा केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांचा गौरव केला. आपण सर्वांनी त्याला माया म्हटले आणि ती माया होतीच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा वर्षानुवर्षे शाबूत ठेवणे हे कसबाचेही काम आहे, आणि कसब लिहून ठेवले तरच ते दुसऱ्या वॉर्डात जाते.

चाळीस खाटांना रात्रपाळीत एकच सिस्टर असेल तर ती संशोधन कधी करणार, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. मात्र ही कमतरता किती जीवघेणी आहे, हेसुद्धा परिचर्या-संशोधनानेच सिद्ध केले आहे. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक जादा रुग्णामागे शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. आपल्या वॉर्डांतून अशी मोजणी झाली, तर पदभरतीची मागणी करताना आमच्या हातात निवेदनापलीकडे काहीतरी असेल.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि परिचर्या महाविद्यालयांनी प्रबंधाचा विषय त्या-त्या वॉर्डाच्या परिसेविकेशी, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या प्रमुख सिस्टरशी, बोलून ठरवण्याची अट घालावी. रुग्ण घरी गेल्यावर किमान एकदा, आशा कार्यकर्तीच्या सोबतीने, त्याच्या घरी जाऊन प्रत्यक्ष पाहणे प्रबंधात सक्तीचे असावे. निष्कर्षांचे दोन पानी मराठी टिपण त्याच वॉर्डात वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. यासाठी मोठा निधी लागत नाही.

त्या आजींना घरी सोडताना वापरून झालेल्या एका सिरिंजची लाल टोपी मी त्यांच्या डिस्चार्ज कार्डाला चिकटपट्टीने लावून दिली होती. पुढे त्या वॉर्डात इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला तशी टोपी लावून देण्याची रीत पडली. तिचा किती रुग्णांना उपयोग झाला, हे आम्ही कधी मोजले नाही. एखाद्या विद्यार्थिनीने हा विषय प्रबंधासाठी घ्यावा; मी निवृत्त असले तरी तिच्याबरोबर घरोघरी जायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, जि. सातारा