लुआंग प्रबांगच्या पहाटेला गालबोट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आग्नेय आशियातल्या सहलींवर एक पान आलं होतं. थायलंड, व्हिएतनाम आणि बालीला त्यात भरपूर जागा होती. लाओसच्या वाट्याला अडीच ओळी आल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ एवढाच की वेळ उरला तर एक दिवस काढा. एरवी आपल्याकडे लाओसची बातमी येते ती बनावट नोकरीच्या आमिषाने तिथे अडकलेल्या पोरांची. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या यायलाच हव्यात. पण त्यापलीकडचा लाओस मी जानेवारीत तेरा दिवस पाहून आलो आहे, म्हणून हे पत्र.

मी आजरा तालुक्यातला भातशेतकरी. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता पूर्णवेळ शेती. थोरली मुलगी आणि जावई बँकॉकला नोकरीला आहेत. त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेलो तेव्हा मुलीनेच सुचवलं, "बाबा, इथल्या मॉलमध्ये तुमचं मन रमायचं नाही. तुम्ही आणि आई लाओसला जाऊन या." रात्रीच्या रेल्वेने आम्ही थायलंडच्या सीमेवरच्या नोंग खायला उतरलो आणि मेकाँगवरचा मैत्री पूल बसने ओलांडला. हा पूल १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या मदतीने झाला. पलीकडे गेल्यावर पहिली जाणीव झाली ती आवाज कमी झाल्याची. राजधानी व्हिएनतिआनमध्येसुद्धा हॉर्न क्वचितच ऐकू येतो. अख्ख्या देशाची लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं होती.

मला मुख्यतः लिहायचं आहे ते लुआंग प्रबांगबद्दल. ही लाओसची जुनी राजधानी. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरचं हे गाव १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाव लहान, पण पावलोपावली विहार. रोज पहाटे उजाडायच्या सुमारास या विहारांतून भगव्या चीवरातले भिक्खू अनवाणी, एकामागे एक, भिक्षेला निघतात. याला 'ताक बात' म्हणतात. 'बात' म्हणजे भिक्षेचं भांडं. शब्द आपल्या 'पात्र'चाच. रस्त्याच्या कडेला गावकरी चटई अंथरून बसलेले असतात आणि प्रत्येक पात्रात चिमूटभर भात घालतात. कोणी कोणाशी बोलत नाही. रांगेत दहा-बारा वर्षांची पोरंही असतात, कारण गरीब घरचे मुलगे शिकण्यासाठी विहारात राहतात. रांगेच्या टोकाला काही मुलं टोपल्या घेऊन बसलेली असतात. आपल्याला मिळालेल्यातलं थोडं भिक्खू त्यांच्या टोपलीत टाकून पुढे जातात.

पहिल्या पहाटे आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून उभे होतो. गारठा होता, मफलर लागत होता. रांग दिसू लागली आणि तेवढ्यात एक बस येऊन थांबली. त्यातून वीसेक माणसं उतरली आणि मराठी कानावर पडलं. परमुलखात मराठी ऐकून एरवी आनंद होतो. इथे पुढच्या पाच मिनिटांत मान खाली गेली. एक जण रांगेपुढे उलटं चालत मोबाइलवर व्हिडिओ काढू लागला. दोघांचे फ्लॅश अगदी तोंडासमोर उडत होते. एका बाईंनी फोटोसाठी एका तरुण भिक्खूच्या खांद्याला हात लावला. तो दचकून बाजूला झाला. कोणीतरी एका छोट्याला हाक मारत होतं, "ए बाळा, इकडे बघ की!" त्या पोराने नजर वर केली नाही. पात्र छातीशी धरून तो चालत राहिला. शेजारच्या चटईवरची म्हातारी हातातला भात तसाच धरून थांबली होती.

रांग पुढे गेल्यावर मी त्या मंडळींकडे गेलो. रागाने गेलो होतो हे कबूल करतो. म्हटलं, "वारीत माझी आई माउलीच्या पालखीपुढे हात जोडून उभी असताना कोणी तिच्या तोंडावर असा उजेड मारला तर चालेल का आपल्याला?" एक गृहस्थ लगेच ओशाळले. म्हणाले, "काका, खरंच आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. हॉटेलातून उठवलं, बसमध्ये घातलं आणि म्हणाले, मोंक लोकांची मिरवणूक आहे, वीस मिनिटांत फोटो काढून परत या." त्यांचा मार्गदर्शक बसमध्येच बसून होता. माणसं वाईट नव्हती. नंतर आम्ही एकत्र कॉफी प्यायलो, त्यातली दोन कुटुंबं गडहिंग्लजकडची निघाली. म्हणून माझा रोख त्यांच्यावर नाही. लाखभर रुपये घेऊन माणसं नेणाऱ्याने आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं बोलायचे कष्ट घेऊ नयेत, याचा मला राग आहे.

नियम काही अवघड नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. भात घालायचा नसेल तर रस्त्याच्या पलीकडे, लांब उभं राहायचं. रांग ओलांडायची नाही, तिच्यामागून पळायचं नाही. फोटो लांबून आणि फ्लॅशशिवाय. भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, बायकांनी तर मुळीच नाही. भात घालायचा असेल तर चपला काढून, त्यांच्यापेक्षा खाली बसून घालायचा. बिस्किटांचे पुडे, चॉकलेटं टाकायची नाहीत. आणि तोंड बंद.

ज्या घरात आम्ही खोली घेतली होती तिथल्या आजींनी दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीला बरोबर नेलं. तिथल्या बायका डाव्या खांद्यावरून एक पट्टा घेतात. हिच्या साडीचा पदर पाहून आजींनी मान डोलावली, म्हणजे तेवढं पुरे. ही माळकरी आहे. गुडघ्यांचं दुखणं आहे, म्हणून आजींनी तिला बुटकं स्टूल दिलं. मी पलीकडून पाहत होतो. साठ-सत्तर भिक्खू गेले असतील, हिने एकेकाच्या पात्रात सुपारीएवढा भाताचा गोळा घातला. परत येताना बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या आजोळी माधुकरीला पोरं यायची तेव्हा आजी अशीच बसायची, न बोलता." चाळीस वर्षांच्या संसारात ही आठवण तिने मला कधी सांगितली नव्हती.

भाताबद्दल न लिहिता मला पुढे जाता येणार नाही. लाओसमध्ये मुख्य जेवण चिकट भाताचं, त्याला 'खाव निआव' म्हणतात. हा तांदूळ रात्रभर भिजत घालतात आणि पहाटे शंकूसारख्या बांबूच्या टोपलीत घालून अरुंद गळ्याच्या भांड्यावर वाफवतात. मध्ये एकदा टोपली हिसडून अख्खा गोळा उलटा करतात. हे काम आजी एका हाताने करायच्या, मला दोन्ही हातांनी जमलं नाही. शिजलेला भात लाकडी फळीवर पसरून वाफ जाऊ देतात आणि झाकणाच्या छोट्या टोपलीत भरतात. हीच टोपली घेऊन माणसं शेतावर जातात. बोटांनी गोळा करायचा, मिरचीच्या नाहीतर भाजलेल्या वांग्याच्या ठेच्यात बुडवायचा आणि खायचा. आपल्याकडे भाकरीच्या तुकड्याने कोरड्यास उचलतो ना, अगदी तसं. भेटल्यावर विचारतात, "किन खाव लेव बो?" शब्दशः, भात खाल्ला का? आपलं "जेवलात का?" ते हेच.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत भारताखालोखाल सगळ्यात जास्त नमुने या एवढ्याशा देशातून गेलेले आहेत. घनसाळ, काळा जिरगा, रायभोग हे वाण आपल्या डोळ्यांदेखत मागे पडताना पाहिलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट मोठी वाटते. जानेवारीत खाचरं रिकामी होती, कापणीनंतरच्या खुंटांत म्हशी चरत होत्या. बांधावर उभा राहिलो तर आपण आजऱ्यातच आहोत असं वाटावं.

पण तिथल्या मातीत आणि माझ्या मातीत एक फरक आहे. व्हिएनतिआनमध्ये 'कोप' नावाची संस्था कृत्रिम पाय बसवून देते. तिचं एक लहानसं माहिती केंद्र आहे, ते चुकवू नका. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी, १९६४ ते १९७३ या काळात, अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या करून २० लाख टनांहून अधिक बाँब टाकले. नऊ वर्षं, रात्रंदिवस, सरासरी दर आठ मिनिटांना एक विमान रिकामं होत होतं. त्यातले चेंडूएवढे छोटे बाँब २७ कोटींवर होते आणि त्यातले अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. ते अजून जमिनीत आहेत. तिथे लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. युद्ध संपल्यापासून २० हजारांहून जास्त माणसं त्यांनी मारली किंवा जायबंदी केली. शेतात कुदळ मारताना, अंगणात चूल पेटवताना, पोरं चेंडू समजून उचलतात तेव्हा ते फुटतात. केंद्रात गावकऱ्यांनी स्वतः बनवलेले पाय मांडून ठेवलेत, काही लाकडाचे तर काही पत्र्याचे. माझ्या हातात चाळीस वर्षं खुरपं आणि कुदळ आहे. त्या पायांसमोर मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. लढाईच्या वेळी जे जन्मलेही नव्हते, ते आज घाव घालण्याआधी माती चाचपतात. २०१६ मध्ये बराक ओबामा तिथे गेले, पदावर असताना लाओसला जाणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. साफसफाईसाठी त्यांनी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर जाहीर केले. मातीत पडून आहे त्यापुढे हा पैसा फार थोडा आहे.

देवभोळ्या मंडळींसाठी, आणि मी त्यांतलाच आहे, दक्षिणेतलं वाट फू सांगायलाच हवं. व्हिएनतिआनहून रात्रीच्या झोपायच्या बसने पाक्सेला आणि तिथून चंपासाकला. डोंगरमाथ्यावर लिंगासारखा सुळका आहे, म्हणून जुन्या काळी या डोंगराला लिंगपर्वत म्हणत. त्याच्या पायथ्याशी कंबोडियाच्या ख्मेर राजांच्या काळातलं शिवाचं देऊळ. आज गाभाऱ्यात बुद्ध आहेत. पण मागच्या झऱ्याचं पाणी पूर्वी दगडी पन्हाळीतून थेट आतल्या लिंगावर पडेल अशी रचना होती, म्हणजे अखंड अभिषेक. देवळामागच्या कातळावर ब्रह्मा, विष्णू, महेश कोरलेले आहेत. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथल्या जतनाच्या कामात हात लावला आहे, हे वाचून ऊर भरून आला. वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या चाफ्याची झाडं आहेत. पानं गळालेली, टोकाला चार-दोन फुलं. हे लाओसचं राष्ट्रीय फूल आणि त्याचं नाव 'दोक चंपा'. तिथली मोठी जत्रा माघ पौर्णिमेला भरते. आमची थोडक्यात हुकली. आणि त्यांच्या रामायणाचं नाव आहे 'फ्रा लक फ्रा लाम', म्हणजे लक्ष्मणाचं नाव आधी आणि रामाचं नंतर. हे ऐकून ही जेवढी खूश झाली तेवढी सोन्याची पाटली मिळाली असती तरी झाली नसती!

जाणाऱ्यांसाठी थोडं. ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. आम्ही होतो तेव्हा रुपयाला अडीचशेच्या आसपास किप मिळत, त्यामुळे नोटांवरची शून्यं नीट मोजा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने व्हिएनतिआन ते लुआंग प्रबांग हे अंतर दोन तासांत होतं. चाकू, कात्री, फवाऱ्याचे डबे मात्र स्टेशनवर काढून घेतात. शाकाहारी माणसाने पादेक या आंबवलेल्या माशाच्या रसापासून जपावं, भाजीतही तो असतो. मुलीने लाओ लिपीत चिठ्ठी लिहून दिली होती, "मांस, मासे, पादेक नको." तिच्या जोरावर हिचे तेरा दिवस निभावले.

संपादक महोदय, सहलींची पानं आपण छापता आणि ती वाचून माणसं निघतात. तेव्हा पुढच्या वेळी लाओसवर लिहिताना त्याला निदान आठवडा द्या म्हणून सांगा. लुआंग प्रबांगचा उल्लेख असेल तिथे पहाटेचे नियम चौकटीत द्या. सहल कंपन्यांच्या जाहिरातीही आपल्याच पानांवर असतात. त्यांना हे कळवणं आपल्याला अवघड नाही. आणि हे पत्र छापताना जागा कमी पडली तर आमचं वर्णन हवं तेवढं कापा, भाताचंसुद्धा. ते नियम तेवढे राहू द्या.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक व भातशेतकरी,
ता. आजरा, जि. कोल्हापूर