मँचेस्टरहून पत्र : न मिळालेला पट्टा

मँचेस्टर
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. रोजचं सगळं फोनवर बोलतोच, ते परत लिहीत नाही. पण दोन गोष्टी फोनवर नीट सांगून होत नाहीत. बाबा सारखे विचारतात, "बॉक्सिंगवाल्या पोरांत तुझं काय काम?" आणि काकूने माझा फोटो बघून आईला सांगितलं की मी दारूच्या दुकानात उभी आहे. दोन्हींचं उत्तर एकच आहे, फक्त लांबलचक आहे. ओंकारला तालमीवर फिल्म करायची आहे ना, त्यानेही हे बसून वाचावं.

मी बॉक्सिंग शिकवत नाही. दर शनिवारी चौदा ते एकोणीस वयाची बारा मुलं-मुली येतात, त्यांना कॅमेरा आणि आवाज शिकवते. घरं हुल्म आणि मॉस साईड भागातली. कुणाचे आईवडील सोमालियाचे, कुणाचे आजोबा जमैकाहून आलेले, एकीची आई आयरिश आणि वडील नायजेरियाचे. सगळे मिळून पंधरा मिनिटांची फिल्म करताहेत: आपल्या भागात बॉक्सिंग कुणी केलं आणि त्या माणसांशी आपलं नातं काय. त्यात मुख्य माणूस लेन जॉन्सन.

बाबा, तुम्हाला हा माणूस आवडला असता. जन्म 1902, इथल्याच क्लेटनचा. वडील सिएरा लिओनचे खलाशी, आई आयरिश वंशाची. शंभराहून जास्त लढती लढला. वजनगट मिडलवेट. इथे जत्रांमधून बॉक्सिंगचे तंबू फिरायचे. तंबूवाल्याच्या मल्लासमोर गर्दीतला कुणीही उभा राहू शके आणि ठरलेल्या फेऱ्या टिकला तर बक्षीस घेऊन जाई. आपल्या जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्यांसारखंच. जॉन्सन तिथेही लढला, पुढे स्वतःचा तंबूही चालवला. रोलंड टॉड हा ब्रिटनचा विजेता असताना 1925 साली जॉन्सनने त्याला हरवलं. पण ती लढत विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी नव्हती, कारण पट्ट्यासाठी लढायला जॉन्सनला परवानगीच नव्हती. विजेत्याचे आई आणि वडील दोघेही गोरे असले पाहिजेत, असा नियम होता. 1926 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने ब्रिटिश साम्राज्याचा किताब जिंकला, तोही इथे परतल्यावर मानला गेला नाही. 1933 ला त्याने ग्लोव्हज खुंटीला टांगले. नियम उठला 1948 मध्ये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर डिक टर्पिन ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला. जॉन्सन तेव्हा पंचेचाळिशीत होता.

हा नियम आम्ही मुलांना तोंडी सांगितला नाही. टेबलावर बारा कोरे कागद ठेवले: वर स्वतःचं नाव, खाली आई कुठली, वडील कुठले. मग नियम वाचला आणि ज्यांना लढता आलं असतं त्यांनी कागद उचलून धरायचा. दोन कागद वर गेले. ती आयरिश आईची मुलगी कागद अर्धा वर धरून तशीच थांबली आणि म्हणाली, "माझं काय?" कॅमेरा चालू होता. फिल्मची सुरुवात तिथूनच होते, आणि माझ्या मते तिथूनच व्हायला हवी. तोवर त्यांच्यात वाद चालला होता की जॉन्सन नक्की कुणाचा: आफ्रिकन पोरांचा, आयरिश आजीवाल्यांचा, की नुसता मँचेस्टरचा. त्या कागदांनंतर वाद मिटला नाही, पण आवाज खाली आला.

आता आईसाठी, पबचं.

आई, पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे. म्हातारी माणसं कुत्रं घेऊन येतात, पोरंबाळं जेवायला येतात. वेटर टेबलाशी येत नाही, आपण काउंटरवर जायचं. रांग दिसत नाही, तरी आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मधे घुसणाऱ्याला काउंटरवालाच थांबवतो. चौघे गेले तर चौघे आपापलं घेत नाहीत. एकजण उठतो, सगळ्यांना विचारतो, सगळ्यांचे पैसे देतो आणि ग्लास घेऊन येतो. ह्याला 'राउंड' म्हणतात. ग्लास संपत आले की दुसरा उठतो, मग तिसरा. पाळी कुणी लिहून ठेवत नाही, पण चुकवणारा लक्षात राहतो. न पिणाराही पाळीत असतोच. मी संत्र्याचा रस घेते आणि माझी पाळी आली की सगळ्यांसाठी उठते. "मला काही नको, मी पैसेही देत नाही" म्हणणं इथे फार वाईट दिसतं. मला हे कळायला तीन महिने लागले. आपल्याकडे पंगतीत बसण्याला जो अर्थ आहे, तोच इथे राउंडला आहे. त्यामुळे काउंटरवर एखाद्याला ग्लास नाकारणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवणं.

30 सप्टेंबर 1953 ला हेच झालं. हुल्ममधल्या 'ओल्ड अ‍ॅबी टॅपहाउस' नावाच्या पबमध्ये लेन जॉन्सनला रंगावरून ग्लास नाकारला. त्याने मारामारी केली नाही, आणि एका ठोशात माणूस आडवा करू शकणारा हा गडी! त्याने सोबत्यांना घेऊन मोहीम काढली, दोनशे माणसं पबबाहेर जमली, आणि तीन दिवसांत बंदी उठली. मग तो आत जाऊन प्याला. बाबा, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहा प्यायला थांबत, ते तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय. मी मुलांना ते सांगितलं, आणि इतर कशापेक्षाही ते त्यांना लगेच समजलं. तो पब अजून आहे, फोटो तिथलाच. शूटिंग सकाळी, पब उघडायच्या आधी, मालकाच्या लेखी परवानगीने, आणि सोबत तीन मोठी माणसं. अठरा वर्षांखालच्याला इथे दारू विकतच नाहीत. काकूला एवढं सांगा.

ओंकार, आता तुझ्यासाठी. कॅमेऱ्याची चिंता सोड, तुझा फोन पुरेल. फिल्म बिघडते ती आवाजाने.

पबमध्ये काउंटरखालचे फ्रिज सतत घूं करतात. कानाला ते जाणवत नाही, माईकला मात्र जाणवतं, आणि एडिटमध्ये काढायला गेलं की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून फ्रिज बंद करायचा आणि घरची किल्ली फ्रिजच्या आत ठेवायची. किल्लीशिवाय कुणी घरी जात नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही. तालमीत हीच गत पंख्याची. मुलाखत झाली की त्याच जागी कुणीही न बोलता तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर. वाक्यं कापल्यावर मधली भोकं बुजवायला तीच कामी येते. ती घेतली नाही तर प्रत्येक कट कानाला टोचतो. कॉलर माईक नायलॉनच्या जॅकेटला लावू नकोस, माणूस हलला की खसखस येते. सुती बनियनला, छातीच्या हाडावर लाव. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेव की मोठ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल.

चित्रासाठी एकच नियम सांगते. इथे आणि आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे. फोन आपोआप सेकंदाला 30 फ्रेम घेतो, आणि ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद असं लॉक कर, पट्टे जातात. ठोसे किंवा डाव संथ दाखवायचे असतील तर 50 फ्रेम आणि 1/100. फोकसही हाताने लॉक कर. इथे कॅमेरा दर वेळी रिंगचा दोर पकडायचा आणि माणूस धूसर व्हायचा. एका पोराची दोन तासांची मेहनत त्यात गेली.

म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून "तुमच्या काळाबद्दल सांगा" म्हणालास, तर तो भाषण देईल. हाताला काम दे. आम्ही सत्तरीच्या एका जुन्या बॉक्सरला एका मुलीच्या हाताला पट्टी बांधायला सांगितली. पट्टी साडेचार मीटर असते. टोकाचा फास अंगठ्यात, मग मनगटाला तीन वेढे, मग पंज्यावरून बोटांच्या सांध्यांवर तीन, मग बोटांच्या मधून एकेक फेर, आणि शेवट परत मनगटावर. तो वेढे देत होता आणि बोलत होता: कुणी त्याला बांधायला शिकवलं, त्या माणसाची बोटं कशी वाकडी झाली होती, बापाने जिमची पायरी चढू नको असं का बजावलं होतं. चेहऱ्यावर आम्ही कॅमेरा नेलाच नाही, सगळं हातांवर. चूक एकच झाली. शेवटी वेल्क्रो नीट बसेना म्हणून त्याने ती परत उघडली, त्याचा 'चर्र' माईकवर एवढा मोठा आला की त्याचं शेवटचं वाक्य फुकट गेलं. आपल्या तालमीत वस्तादांना लांग बांधायला किंवा हौद्यातली माती उकरायला लाव, आणि तेव्हाच विचार.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. उत्तर संपलं असं वाटलं तरी मनात पाच मोजायचे. खरं बोलणं बहुतेक वेळा त्या पाचांत येतं. "हं, हं" करायचं नाही, नुसती मान हलवायची, नाहीतर तुझा आवाज त्याच्या वाक्यावर बसतो आणि मग कापता येत नाही. तासाभराची मुलाखत लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, पण ते टाळू नकोस. एडिट कागदावरच होतं. सही आधीच घ्यायची, आणि अठराखालचा असेल तर पालकांचीही. फुटेज दोन ठिकाणी, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी.

जुन्या कागदांसाठी आम्ही सेंट्रल लायब्ररीत जातो. 1934 ची गोल इमारत, मोठा घुमट. खाली कुणी पेन ठेवलं तरी तो आवाज वर फिरतो, त्यामुळे तिथे मुलाखत घेऊ नये. या भागातल्या जुन्या फिल्मचा संग्रह तिथेच आहे आणि वर्णद्वेषाच्या इतिहासाचं केंद्रही. ते केंद्र अहमद इक्बाल उल्लाह या तेरा वर्षांच्या मुलाच्या नावाने आहे. 1986 मध्ये इथल्याच एका शाळेच्या मैदानात त्याचा खून झाला. आमची मुलं त्याच्याच वयाची. त्यांना त्या पाटीजवळून नेताना मी काही बोलत नाही, ती स्वतःच वाचतात. कात्रणाचा फोटो घेतला की लगेच पेपरचं नाव, तारीख आणि पान लिहायचं. "नंतर लिहू" म्हटलेली कात्रणं आमची सगळी वाया गेली. जुन्या वृत्तपटांचे पैसे सेकंदावर लागतात, म्हणून आम्ही ते जवळजवळ वापरतच नाही. जिथे मोठ्या लढती व्हायच्या तो बेल व्ह्यूचा किंग्ज हॉल आता उरलेला नाही. त्या जागेचं आजचं शांत चित्र आणि वर त्या बॉक्सरचा आवाज, एवढंच ठेवलं आहे, आणि वृत्तपटापेक्षा ते मनाला जास्त लागतं.

एका गोष्टीवर मुलं दोन शनिवार भांडली. जुन्या पेपरांत जॉन्सनच्या रंगाबद्दल जे शब्द आहेत ते दाखवायचे का? शेवटी ठरलं: कात्रण जसंच्या तसं पडद्यावर येईल, पण निवेदनात ते शब्द कुणी उच्चारणार नाही. निर्णय त्यांचा. मला तो पटला. ओंकार, तुलाही तालमीत असं काही सापडेल, कुणाला कुठल्या हौद्यात उतरू देत नव्हते ते. ते टाळू नकोस, आणि वस्तादांना न सांगता दाखवूही नकोस.

आता घरचं. या महिन्यात तीनशे पौंड पाठवले आहेत, नेहमीपेक्षा शंभर कमी. खोली बदलली, तिची अनामत भरावी लागली. पुढच्या महिन्यात भरून काढते. कर्जाचा हप्ता चुकू देऊ नका, कमी पडले तर काकांकडे मागू नका, मला सांगा. या कामाचा करार फेब्रुवारीपर्यंत आहे आणि पुढचं बोलणं चालू आहे, काळजी नको.

इचलकरंजीच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण होही म्हणू नका. मुलाला माझा नंबर द्या, आम्ही आधी बोलतो. "एवढी शिकून पोरांना कॅमेरा शिकवते" असं त्याच्या आईने विचारलं तर हेच पत्र वाचायला द्या. आणि हो, गौरीला येणं जमणार नाही. त्याच आठवड्यात फिल्म दाखवायची आहे. आई, मला माहीत आहे मागच्या वर्षीही मी हेच सांगितलं होतं.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी फोन लागला नाही, कारण रेकॉर्डिंगला सगळे फोन बाहेरच्या पेटीत ठेवतो. ओंकारचे अकरा कॉल मी रात्री पाहिले. आता माझा फोन पेटीत जात नाही, आवाज बंद करून खिशात असतो. बाबा, व्यायाम सांगितला आहे तेवढाच करा, तालमीत जाऊन बैठका बघत उभे राहू नका.

आजीला नमस्कार, ओंकारला आशीर्वाद. पैसे सात तारखेपर्यंत खात्यात दिसतील; नाही दिसले तर आठला सकाळी फोन करा, तुमच्या दहाला माझे साडेपाच वाजलेले असतात, पण उचलीन.

तुमची,
मनू