आधी परवानगी, मग भराव

महोदय,

‘पर्यावरणवाद्यांच्या याचिकांमुळे प्रकल्प रखडतात’ असा सूर आपल्या वाचकपत्रांत हल्ली वरचेवर उमटतो. या संस्था म्हणजे स्थगितीची दुकाने, असेही एका पत्रलेखकाने सुनावले. मी फोर्टातल्या एका वकिलांकडे नोकरीची सगळी वर्षे कारकून होतो. याचिकेची पाने लावणे, नंबर टाकणे, रजिस्ट्रीने काढलेली ऑब्जेक्शन्स दूर करणे आणि बोर्डावर प्रकरण कधी लागते याच्यावर डोळा ठेवणे, हे माझे काम. दुकान असते तर आमच्या साहेबांनी अशा प्रकरणांत फी सोडली नसती.

खारफुटीच्या प्रकरणात अर्धी लढाई कागदाशीच असते. संस्थेची पोरे रात्री-अपरात्री खाडीवर जाऊन भराव टाकणाऱ्या डंपरचे फोटो आणत. त्यांची झेरॉक्स काढली की चिखल, झाडे, डंपर सगळे एकसारखे काळे. खिडकीवरचा माणूस पान उलटून म्हणणार, ‘अस्पष्ट आहे, बदलून आणा.’ मग रंगीत प्रती काढा आणि प्रत्येक संचाला लावा. प्रतिवादी तरी किती? राज्य, केंद्र, महापालिका, कलेक्टर, किनारा प्राधिकरण, शिवाय भराव घालणारी कंपनी. उपग्रहाची दोन वेगळ्या सालांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर सर्व्हे नंबर टाकावे लागत, कारण न्यायालयाला नुसता हिरवा ठिपका चालत नाही, जागा नेमकी कोणती ते सांगावे लागते. एवढे करून तारीख पडते. त्या तारखेपर्यंत डंपर काही थांबत नाहीत.

खारफुटी वाचवण्यासाठी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने केलेली याचिका २००४ची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर आणि तिच्यावर भराव टाकण्यावर अंतरिम बंदी घातली. अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८चा, न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांचा. खारफुटीचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग, असे त्यात म्हटले आहे. खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आणि नष्ट झालेली पुन्हा उभी करायची, हेही त्यातच. पण सार्वजनिक हितासाठी तोड करायचीच असेल तर ती वाट न्यायालयाने बंद केली नाही. फक्त आधी येऊन विचारा, एवढेच सांगितले.

विचारावे लागले की काय होते, ते बुलेट ट्रेनच्या प्रकरणात दिसले. सुरुवातीचा आकडा ५३,४६७ खारफुटींचा होता. मंजुऱ्यांचे टप्पे पार करताना ठाणे स्थानकाचा आराखडा बदलला, पार्किंगसारख्या गोष्टी खारफुटीबाहेर गेल्या आणि उच्च न्यायालयाकडे मागणी आली ती २१,९९७ची. ९ डिसेंबर २०२२ला न्यायालयाने ती मान्य केली. याच ॲक्शन ग्रुपचा विरोध होता, तो टिकला नाही. प्रकल्पही अडला नाही आणि ३१ हजारांहून जास्त झाडे आराखड्याच्या टप्प्यावरच तोडीतून वाचली. याला खीळ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘वनशक्ती’ या मुंबईच्याच संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ला न्या. ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी निकाल दिला. काम सुरू करून मागाहून पर्यावरण मंजुरी घेण्याची सोय देणारी केंद्र सरकारची २०१७ची अधिसूचना आणि २०२१चे कार्यालयीन ज्ञापन (खात्याचे परिपत्रकच म्हणा) सर्वोच्च न्यायालयात त्यांनी रद्द केले. तोवर दिलेल्या मंजुऱ्यांना मात्र हात लावला नाही. बिल्डरांची संघटना क्रेडाई पुनर्विलोकनासाठी गेली आणि १८ नोव्हेंबरला तो निकाल दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला गेला. बहुमतात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. विनोद चंद्रन, विरोधात न्या. भुयान. (ओक आणि गवई दोघेही आमच्याच हायकोर्टात घडलेले, म्हणून मला हे जरा जास्तच लागले.) आधीच्या खंडपीठांचे काही निकाल विचारात घेतले गेले नव्हते, हे बहुमताचे कायद्याचे कारण समजण्यासारखे आहे. पण सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, ओडिशातले एम्सचे ९६२ खाटांचे रुग्णालय पाडावे लागेल, हे दुसरे कारण मला पटत नाही. खर्च झालेला आहे, असे म्हणता येते ते परवानगीच्या आधी खर्च केला म्हणूनच. अनधिकृत मजला चढवायचा, भाडेकरू ठेवायचे आणि मग दंड भरून नियमित करून घ्यायचा, हा धंदा आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाला तोंडपाठ आहे.

हवामान बदलावरून खटले आता जगभर चालू आहेत. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ला हवामान बदल रोखण्यात कमी पडल्याबद्दल स्वित्झर्लंड सरकारला दोषी धरले, ते दोन हजारांहून अधिक वयस्क बायकांच्या संघटनेच्या अर्जावर. त्यांच्यामागे ग्रीनपीस उभी होती. त्याच प्रकरणात चार बायकांचे वैयक्तिक अर्ज दारातूनच परत गेले, संघटनेचा तेवढा आत घेतला गेला. संस्था कशाला हव्यात, असे विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २१ मार्च २०२४ला हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा हक्क मानला. गंमत अशी, की ती याचिका माळढोक पक्षी वाचवण्यासाठी होती आणि सौरऊर्जेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा आधीचा आदेश त्याच निकालात सैल झाला. कोर्टाची पायरी चढणाऱ्याला हवे तेच मिळते, असे नाही.

याचिकेच्या नावाखाली खंडणी मागणारेही मी पाहिले आहेत. बिल्डरशी बसून ‘मिटवले’ की यांचा अर्ज मागे. त्यांना न्यायालयाने जबर दंड लावावा, माझी हरकत नाही. पण ते आणि वीस-वीस वर्षे एका खाडीमागे लागलेली माणसे यांना एकाच ओळीत बसवू नका.

‘वनशक्ती’ची मूळ याचिका त्या नोव्हेंबरच्या आदेशाने नव्याने सुनावणीला गेली. संपादकसाहेब, तिच्या बातम्या देताना याचिकेचा क्रमांक आणि आदेशाची तारीख छापत जा. आदेश न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. कोणी काय अडवले आणि कोणी नुसते विचारायला लावले, हे वाचक स्वतः वाचून ठरवतील.

आपला,
एक निवृत्त वकील-कारकून
मुलुंड (पूर्व)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)