ठाण्यातल्या त्या भल्या माणसांचे आभार

सुट्टीत सगळं घर ठाण्यात फिरलं. कौपिनेश्वराच्या गर्दीत आईला वाट करून देणाऱ्या ताई, जांभळी नाक्यावर आमच्या खरेदीच्या पिशव्या आपणहून रिक्षात ठेवणारे काका, तुमचे मनापासून आभार.

आणि थाई जेवण वाढणारा तो मुलगा! आई पक्की शाकाहारी. थाई करीच्या वाटणात बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते, शिवाय फिश सॉसही घालतात, हे त्याने ऑर्डर घेतानाच सांगितलं. आत जाऊन खात्री केली, दोन्ही वगळून वेगळं वाटण करायला लावलं. रश्शातले गवती चहाचे दांडे चावायचे नसतात, म्हणून आईच्या ताटलीतून एकेक काढून बाजूला ठेवले. नारळाच्या दुधातली ती हिरवी करी आईने भातावर पुन्हा मागून घेतली. बाळा, तुझं खूप भलं होवो.