मुलांवर कीटो आहाराचे प्रयोग करू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला स्निग्ध आहार आणि मेंदू यांवरचा लेख वाचला. चरबी म्हणजे शत्रूच, हा समज त्यात खोडून काढला, ते चांगले झाले. पण 'चिडक्या, हट्टी मुलांना काही दिवस कीटो आहारावर ठेवून बघा' हा सल्ला वाचून राहवले नाही. माझी मुलगी अपस्मारासाठी याच आहारावर आहे.

हा आहार मुळात निघाला तोच फिट्ससाठी. उपवासाने आकड्या कमी होतात हे आधीपासून दिसत होते. उपाशी न ठेवताही शरीराला तीच अवस्था आणता येईल, असे १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवले. कर्बोदके जवळजवळ बंद करून स्निग्धांश भरपूर दिला की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदूची बरीचशी ऊर्जा त्यांतून भागते. मेंदूतल्या पेशींना शांत करणारे गाबा आणि उत्तेजित करणारे ग्लुटामेट यांचा तोलही त्यामुळे बदलतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे ताटातली चरबी मेंदूच्या रसायनांपर्यंत पोहोचते, हे आपल्या लेखकाचे म्हणणे खरेच आहे. पण म्हणूनच ती औषधासारखी मोजून द्यावी लागते.

आमच्याकडे चार ग्रॅम स्निग्धांशाला प्रथिने आणि कर्बोदके मिळून एक ग्रॅम, असे प्रमाण ठरवून दिले आहे. प्रत्येक घास काट्यावर तोलला जातो. वाटीला चिकटलेले तेलसुद्धा पुसून तिच्या पोटात जावे लागते, नाहीतर हिशेब चुकतो. खोकल्याच्या औषधातली साखरही चालत नाही. जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम वेगळे द्यावे लागतात. बद्धकोष्ठ, मूतखडे, रक्तातले कोलेस्टेरॉल चढणे, वाढ मंदावणे हे सगळे होऊ शकते, त्यामुळे रक्त-लघवीच्या तपासण्या चुकवता येत नाहीत. काही मुलांना जन्मतःच चरबीचे ज्वलन करता येत नाही. त्यांच्या जिवावर हा आहार बेतू शकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी डॉक्टर तशा चाचण्या करतात. घरच्या घरी 'ठेवून बघणाऱ्या' पालकांना हे कोण सांगणार?

गुण येतो का? येतो, पण सगळ्यांना नाही. औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांची चाचणी २००८ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या. नेहमीच्या आहारावरच्या मुलांत हेच प्रमाण ६ टक्के होते. माझ्या मुलीला गुण आला. आता ती चित्र काढायला बसली की पुरे करूनच उठते, नजरेला नजर देऊन बोलते, रात्री सलग झोपते. आमच्या डोळ्यांदेखत मूल परत मिळाले, असेच मी म्हणेन. तरी डॉक्टर प्रत्येक वेळी बजावतात, की हा बदल कीटोनचा, फिट्स थांबल्याचा की औषधाचा डोस उतरल्याचा, हे वेगळे काढता येत नाही. मग ज्या मुलांना फिट्सच नाहीत, ती नुसत्या चरबीने शांत होतील, हे कशाच्या आधारावर सांगायचे?

आपल्याला विनंती आहे की पुढच्या पुरवणीत खुलासा छापावा. मुलांना हा आहार मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय देऊ नये. आधीपासून आहारावर असलेल्या मुलांचा तो अचानक तोडू नये, आणि फिट्सच्या गोळ्याही पालकांनी आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण दोन्हींमुळे आकड्या एकदम उसळू शकतात. मूळ सल्ला ज्या पानावर आला, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे यावे.

आपली,
एक वाचक, अपस्मार असलेल्या मुलीची आई