लेबल आधी शिवलं होतं, मॅडम

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या टेस्टिंग लॅबमधून निघताना मी साधं 'येतो' म्हणायलाही थांबलो नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. त्याची माफी मागायची आहे आणि आभारही मानायचे आहेत. पत्र चारचौघांत लिहितोय, कारण जंबो बॅगच्या, म्हणजे टनभर माल भरायच्या विणलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांच्या, धंद्यात नव्याने उतरणाऱ्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

तुमच्याकडे रोज बॅगा फाटतात, तेव्हा आमची आठवण करून द्यायला हवी. 1000 किलोची, एकदाच वापरायची बॅग होती. माल निर्यातीचा, कंटेनर बुक झालेला. आधी 2 टनांपर्यंत 30 वेळा ताण देऊन सोडला, तोवर मी निवांत होतो. मग शेवटची ओढ सुरू झाली. 5 टन गाठायचे होते. आकडा 4 च्या जरा पुढे सरकला आणि फाडकन आवाज झाला. बॅग उचलायच्या चार लूपांपैकी, म्हणजे कोपऱ्यांतल्या पट्ट्यांच्या फासांपैकी, एक कापडासकट उपटून आला होता.

मी लगेच म्हणालो, "दुसरी लावून बघू."

तुम्ही म्हणालात, "लावू की. ती पास झाली तर कारखान्यातल्या बाकीच्यांचं काय?"

तरीही मी हुज्जत घातलीच. भरायचा आहे 1 टन, बॅग 4 टन पेलतेय, मग अडचण काय? तुम्ही शांतपणे समजावलंत. फोर्कलिफ्टवाला झटक्यात उचलतो. एखादा लूप काट्यावरून निसटतो आणि सगळं वजन तिघांवर येतं. बॅग उन्हात पडून राहिली की तिचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, कमजोर होतं, त्यात ऊन सोसायला मिसळतात तो यूव्ही मास्टरबॅच घातला असला तरी थोडंफार होतंच. पाचपट ही चैन नाही, बॅगेखालून जाणाऱ्या माणसासाठी ठेवलेली जागा आहे. हे सगळं मला कागदावर पाठ होतं. समोर फाटलेली बॅग असताना मात्र आठवत नव्हतं.

आणि मग तुम्ही तो तुकडा ट्यूबलाइटसमोर धरलात.

मॅडम, घरच्या चाचणीत एकदा लूप सुटला होता, म्हणून मी सगळंच जाड केलं होतं. धागा जाड, त्याला सुई जाड, टाके जवळजवळ, वर दोन शिलाया जादा. मजबुती वाढवायची म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार! तुम्ही विचारलंत, "धागा तुटलाय? बेल्ट तुटलाय?" धागा आणि लूपची पट्टी, दोन्ही धडधाकट. फाटलं होतं कापड, तेही शिलाईच्या खालच्या टोकाला, सरळ रेषेत. उजेडात ती भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी दिसत होती. जाड सुईने विणीतल्या टेपच, म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्याच, कापल्या होत्या. पाच शिलायांपैकी प्रत्येक शिलाई एकाच उंचीवर संपत होती, म्हणजे कापडाला 'इथून फाट' असं मीच आखून दिलं होतं.

सुई बारीक घ्या, टाका लांब करा, शिलायांची टोकं मागेपुढे ठेवा. तीन वाक्यांत तुम्ही सांगून मोकळ्या झालात. तेवढं सांगणंही तुमचं काम नव्हतं. तुम्ही फक्त 'नापास' लिहून कागद हातात ठेवू शकला असतात.

जाता जाता तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात, तो जास्त झोंबला. "5:1 चं लेबल चाचणीआधीच शिवलंय?" भरायच्या वजनाच्या पाचपट पेलते, असं सांगणारं ते लेबल. हो, सगळ्या बॅगांवर.

शिलाई उसवून परत घालू, असं आमच्या मास्टरला वाटलं होतं. पण भोकं थोडीच बुजतात? शेवटी बॉडीचं कापड नव्याने कापलं. स्पाऊट (माल भरायचं-ओतायचं तोंड), बेल्ट तेवढे वाचले. माल उशिरा गेला. खरेदीदार पंधरा दिवस नीट बोलत नव्हता आणि भावात थोडी सूट घेऊनच गप्प बसला. नुकसान झालंच, ते लपवत नाही. फेरचाचणीत बॅग 5 टनांच्या पुढे गेली तेव्हा तुम्ही रजेवर होतात. तुमच्या सहकाऱ्याकडे निरोप ठेवला होता. पोचला की नाही, कोण जाणे.

तो फाटका तुकडा मी मागून आणला होता, आठवतंय? स्टिचिंगच्या टेबलावर टांगलाय. नवा ऑपरेटर आला की मास्टर आधी त्याला तो उजेडात धरायला लावतात, मग मशीनवर बसवतात. मी काही सांगायला जात नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय. यावेळी परत परत वापरायची, 6:1 ची बॅग आहे. 70 फेऱ्या चारपट वजनाने, मग सहापट, म्हणजे तुमचा बराच वेळ जाणार. लेबल अजून छापलेलं नाही.

आपला,
एक जंबो बॅगवाला